कसाचा धोंडा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. कळंबघोळीत तेव्हा कौलं नव्हती, सगळी घरं गवतानं शाकारलेली. वाघ पाणवठ्यावर येऊन गेला की सकाळी बायका त्याच्या पावलाशेजारीच हंडा टेकवून पाणी भरायच्या, एवढी जुनी गोष्ट. माझ्या आज्याला ती त्याच्या आज्यानं सांगितली, आणि त्याला कुणी सांगितली ते आता डोंगरालाच ठाऊक. नीट टेकून बसा. गोष्ट हळू चालते, पण पोचते.

आधी गाव डोळ्यांपुढं आणा. तीन बाजूंनी डोंगर, चौथ्या बाजूला कडा. कड्याखाली बघितलं की डोकं गरगरतं, तिथून शेळीही उतरत नाही. गावात यायची-जायची एकच वाट, ती वरच्या खिंडीतून. आणि खिंड नि घरं यांच्या मधे कळकाचं रान. कळक म्हणजे आपला मोठा बांबू, मांडीएवढा जाड, चिवट, वरून गुळगुळीत. डोंगराच्या या सोंडेपासून त्या सोंडेपर्यंत कळकाची बेटंच बेटं, थेट घरांच्या परड्यापर्यंत उतरलेली. घराला कळक, कुंपणाला कळक, पाळण्याला कळक आणि तिरडीलाही कळक. म्हणून कळंबघोळीच्या माणसाला तीन हात असतात, असं म्हणतात. दोन देवानं दिलेले, आणि तिसरा कमरेमागच्या आकडीला अडकवलेला कोयता.

तो तिसरा हात घडवायचा धाकू लोहार.

धाकूला एक थोरला भाऊ होता, लखू. दोघांचा एकच भाता, एकच ऐरण. एकदा काय झालं, लखू घाटाखालच्या बाजाराला गेला आणि तिथं त्याला एक कोयता आवडला. चकचकीत होता, पात्यावर वेल कोरलेली होती. लोहारानं दुसऱ्याचा कोयता आणावा याचं धाकूला हसू आलं. लखू म्हणाला, बघू तरी दुसऱ्याचा हात कसा असतो. दुसऱ्या दिवशी दोघं भाऊ कळक तोडायला गेले. लखूनं घाव घातला आणि नवा कोयता मुठीपाशी तुटला. पातं उडालं ते फिरून लखूच्याच मानेत बसलं. धाकूनं जखमेवर हात दाबून धरला, पण हातानं ओढा अडत नाही. लखू तिथंच, भावाच्या मांडीवर गेला.

धाकूनं ते तुटलेलं पातं घरी आणलं. मोड, म्हणजे तुटलेली कड, उजेडात धरून बघितली. आत काळं, भगराळं, करपलेल्या भाकरीसारखं लोखंड होतं. वरून वेल आणि आतून राख. त्या दिवशी धाकूनं शपथ घेतली, माझ्या भात्यावरून जाणारा कोयता तुटणार नाही. कधीच नाही.

मग त्यानं नदीच्या डोहातून एक काळा धोंडा काढून आणला. चार गड्यांनी दांडे घालून तो घोळजाईच्या देवळापुढं ठेवला. घोळजाई ही आमची गावदेवी. खंडेनवमीला सगळ्या हत्यारांची पूजा होते, त्या आधी धाकू आपला प्रत्येक कोयता त्या धोंड्यावर ताकदीनं हाणायचा. तुटला तर तुटला, टिकला तर पूजेला. गावानं त्याला नाव दिलं, कसाचा धोंडा.

चांगलंच होतं ते. फसवं लोखंड त्या धोंड्यावर उघडं पडायचं, यात खोटं काही नाही. पण गाव म्हटलं की हौस आलीच. पहिल्या वर्षी एक घाव होता. पुढच्या वर्षी मानाजी गावकर, म्हणजे गावचे मानकरी, म्हणाले की एका घावात काय कळतं, धारेनं हाण, मग पाठीनं हाण. त्याच्या पुढच्या वर्षी कोयता फणसाच्या बेचक्यात घालून पिळायचा ठरला. त्याच्या पुढं तर लोक नवमीला सकाळपासून जागा धरून बसायला लागले. ठिणग्या उडाल्या की पोरं नाचायची. कोयता टिकला की ढोल वाजायचा, आणि तुटला की ज्याचा तुटला त्याची वर्षभर थट्टा.

आता धाकू होता हुशार. धोंड्याला काय हवं ते त्याला कळायला लागलं. त्यानं पातं जाड केलं. धार बोथट ठेवली. तापलेलं पातं पाण्यात बुडवून कडक करतात, त्याला आम्ही पाणी देणं म्हणतो. ते पाणी त्यानं कमी केलं, कारण कडक पातं ठिकरी टाकतं आणि मऊ पातं नुसतं चेपतं. वर्षामागून वर्ष कोयता जड होत गेला, मऊ होत गेला. धोंड्यावर हाणा, फणसात पिळा, त्याला काही होत नसे. धाकूचा कोयता अमर, असं म्हणायला लागले लोक.

आणि त्याच वर्षांत गावात आणखी एक गोष्ट झाली, ती कुणी धोंड्याशी जोडली नाही. लोकांची कामं लांबायला लागली. बापाला एका सकाळी जेवढं कुंपण व्हायचं, ते लेकाला दिवस मावळला तरी होईना. बायामाणसांची मनगटं सुजायला लागली. ज्याच्या त्याच्या मनगटाला हळदीत भिजवलेली चिंधी. म्हातारे म्हणायचे, आताच्या पोरांत दम नाही. पोरं मान खाली घालायची, त्यांनाही तसंच वाटायचं. कोयत्याला कोण बोलणार? तो तर देवीपुढं कसाला उतरलेला.

धाकूची बायको येसू. भात्यावर घण मारायची ती, म्हणजे अंगानं काटक. तिनं एकदा चुलीपाशी बसून मनगटाला चिंधी गुंडाळता गुंडाळता नवऱ्याला सांगितलं.

"अवो, तुमच्या कोयत्याला काय होत नाय. मला होतं."

धाकू खाली बघूनच म्हणाला, "मनगट बरं होतं, येसू. लखूदादा आला का परत?"

येसूनं चिंधीची गाठ मारली. पण तिच्याकडं माहेरची एक कोयती होती. लहानशी, पातळ, वाळल्या पानासारखी हलकी. ती तिनं कधी धोंड्यापर्यंत नेली नाही. कणगीच्या मागं लपवून ठेवली, आणि धाकू बाजाराला गेला की ती काढून गुपचूप लाकडं फोडायची. अशा लपवलेल्या कोयत्या गावात घरोघर होत्या, असंही म्हणतात. बायकांचं हत्यार पुरुषांच्या कसात धरत नसत, त्यामुळं ती वाचली.

एका वर्षी नवमीला गावकरांनी फर्मान काढलं की नुसता धाकूचा नवा कोयता नाही, गावातला प्रत्येक जुना कोयताही धोंड्यावर आला पाहिजे. त्यात सावळा बुरूड आला. गावाच्या कडेला राहायचा, टोपल्या, सुपं, कणग्या विणायचा. कळकाच्या केसासारख्या बारीक पट्ट्या काढायचा. त्याचा कोयता त्याच्या बापाचा. घासून घासून पातं निम्मं झालेलं, पण धार अशी की उन्हात दिसत नव्हती.

सावळा हात जोडून म्हणाला की याला सोडा, हा दगडाचा नाही. लोक हसले. कुणीतरी म्हणालं, घाबरतोय बघा, कोयता पण आणि मालक पण. मानाजी गावकरांनी धाकूकडं बघितलं. धाकूनं कोयता घेतला, उचलला आणि हाणला.

टक्कन आवाज झाला आणि पातं मधोमध तुटलं.

"सावळ्या, आता टोपल्या दातांनी वीण," एक जण ओरडला. सगळं देऊळ हसलं.

सावळा हसणाऱ्यांकडं वळला नाही. त्यानं दोन्ही तुकडे उचलले, धाकूपुढं आला आणि हळूच म्हणाला, "धाकूदादा, मी धोंडा कापत नाय. कळक कापतो."

सावळा तुकडे घेऊन वळेपर्यंत धाकूची नजर त्या मोडीवर होती. आत लोखंड कसं होतं सांगू? तांदळाच्या पिठासारखं. बारीक, रुपेरी, एकसारखं. लखूच्या मानेत बसलेलं करपट लोखंड ते नव्हतं. इतकं चांगलं पोलाद धाकूनं स्वतः कधी घडवलं नव्हतं. मोडीनं त्याला खरं सांगितलं होतं, आणि त्यानं ते ओळखलंही. पण ढोल थांबला होता, लोक हसत होते. धाकूनं पुढचा कोयता उचलला.

त्या दिवसापासून सावळा देवळाकडं फिरकला नाही. उरलेल्या अर्ध्या पात्याला त्यानं नवी धार लावली आणि तेवढ्यावरच टोपल्या विणत राहिला.

मग आला चैत्र. पानं वाळून कुरकुरीत झाली होती. नदीत पाणी नव्हतं, डोहात बेडकापुरतं. डोंगरापलीकडच्या गावानं शेतात राब भाजायला घेतला. राब म्हणजे पालापाचोळा, गवत पसरून शेत भाजतात ते. ते दरसालचंच. पण त्या दिवशी दुपार कलताना वारा फिरला. खिंडीवर आधी धूर दिसला, मग धुराच्या पोटात लाल जीभ.

वणवा.

खिंडीची वाट बंद झाली. मागं कडा. मधे गाव, गवताची घरं, गोठ्यात बांधलेली गुरं, उठता न येणारी म्हातारी माणसं, ओल्या बाळंतिणी. आणि वणव्याला गावापर्यंत आणून सोडायला कळकाचं रान, परड्यापर्यंत अंथरलेलं. कळक पेटला की त्याच्या गाठी फुटतात, तोफेसारख्या. एक फुटली की ठिणग्या दहा बेटं ओलांडून पडतात. आता एकच उपाय होता. या सोंडेच्या कातळापासून त्या सोंडेच्या कातळापर्यंत कळक तोडून जमिनीचा एक पट्टा उघडा करायचा. वणव्याला खायला काही ठेवायचं नाही. तेही तो उतरायच्या आत.

सगळा गाव वर धावला. पुरुषांनी कमरेच्या आकडीतून कोयते काढले. प्रत्येक कोयता कसाला उतरलेला, प्रत्येक कोयता अमर.

धाकूनं पहिला घाव घातला. कोयता टणकन वर उडाला. कळक नुसता चेपला. त्यानं पुन्हा हाणला, पुन्हा हाणला. घाम डोळ्यांत गेला. त्यानं थांबून बघितलं. कोयता शाबूत होता. आणि कळकही शाबूत होता.

डावी-उजवीकडं तेच. टणक, टणक, टणक, जसा सगळा गाव धोंडाच फोडतोय. एक कळक आडवा व्हायला चार माणसं दमायची. हाताला फोड आले, फुटले, मुठी ओल्या झाल्या, कोयते निसटायला लागले. वरून धग यायला लागली. पाखरं धुरातून बाहेर येऊन माणसांच्या अंगावर आपटायची. ससे पायांतून पळायचे, आणि त्यांच्या शेजारून साप, कुणी कुणाकडं बघत नव्हतं.

तेवढ्यात धाकूला एक वेगळा आवाज आला. खच्. मग कळक कोसळल्याचा सळसळाट. पुन्हा खच्.

त्यानं वळून बघितलं. सावळा होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. कंबर वाकवून, एका हातानं, घाईही न करता तो कळक तोडत होता, काकडी कापावी तसा. आणि हातात काय, तर तोच अर्धा कोयता. धाकूनं मोडलेला.

आणि त्याच्या पलीकडं येसू. तिच्या हातात ती माहेरची कोयती. धाकूनं ती आयुष्यात पहिल्यांदा बघितली. येसूनं नवऱ्याकडं बघितलं, लपवायला हात मागं नेला नाही, आणि पुन्हा कळकाला भिडली. तिच्या मागून आणखी चार-पाच बाया तशाच पातळ कोयत्या घेऊन वर येत होत्या.

पण पट्टा लांब होता, आणि कापणारी हत्यारं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकी सगळं लोखंड जिवंत होतं आणि मेलेलं होतं.

धाकूनं कोयता खाली टाकला आणि गावाकडं पळत सुटला.

मानाजी गावकर ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "लोहार पळाला." त्यांच्या तोंडून ते ऐकून दोघं-चौघं बसलेच खाली.

पण धाकू परत आला. कसा आला ते ऐका. त्याच्या पाठीवर कसाचा धोंडा होता. जो आणायला चार गडी लागले होते, तो एकट्याच्या पाठीवर. कुणी म्हणतं, घोळजाईनं खालून हात लावला. कुणी म्हणतं, त्या दिवशी धोंडा सावरीच्या कापसाएवढा हलका झाला. खांद्यावर वळ उठले होते एवढं मात्र सगळेच सांगतात. एका हातात त्यानं सांडशी धरली होती, आणि कमरेला हातोडा.

पट्ट्याच्या वरच्या अंगाला, जिथं धग सोसवत नव्हती, तिथं त्यानं धोंडा टेकवला. येसूला हाक मारली. तिनं आपली कोयती मानाजी गावकरांच्या हातात ठेवली आणि धावत जाऊन घण आणला. गावचे मानकरी, मिशा पिळलेले, बाईमाणसाची लाकडं फोडायची कोयती घेऊन कळकाला लागले. एरवी गाव पोट धरून हसलं असतं.

धाकूनं पहिला अमर कोयता सांडशीत धरला आणि पेटत्या कळकाच्या बुंध्यात खुपसला. त्या दिवशी वणवा त्याची भट्टी झाला आणि वारा त्याचा भाता झाला, असं म्हणतात. पातं लाल झालं. धोंड्यावर आलं. येसूनं घण उचलला.

मानाजी गावकर तिथून म्हणाले, "धाकू, पातळ केलेस तर तुटतील रे."

धाकू म्हणाला, "तुटतील ते तुटतील, गावकर. आधी कापू तर देत."

घण पडायला लागला. ज्या धोंड्यावर इतकी वर्षं कोयते मोडायला आणले, त्याच धोंड्यावर ते घडायला लागले. जाड पातं पसरलं, पातळ झालं, धार निघाली. बायांनी डोहातलं उरलंसुरलं पाणी घागरींतून आणून ठेवलं होतं. त्यात पातं बुडलं की चर्र आवाज व्हायचा. पात्यावर गवताच्या काडीचा रंग चढला की धाकू ते शेजारी फेकायचा, कुणीतरी मुठीला ओली चिंधी गुंडाळून उचलायचं, आणि पट्ट्यात खच् असा आणखी एक आवाज वाढायचा. एक झाला, दुसरा झाला. टणक टणक कमी होत गेलं आणि खच् खच् वाढत गेलं. ज्या पोरांना आपल्यात दम नाही असं वाटायचं, ती पोरं कळक आडवे करत पुढं निघाली. त्यांची त्यांनाच ओळख पटेना.

घणाचा घाव एवढा गरम आणि एवढा खरा होता की धोंड्यावर बोटभर खळगे पडले, पिठात अंगठा दाबावा तसे. मी ते बघितलेत. पावसाचं पाणी साठतं त्यांत.

सूर्य सोंडेवर टेकला तेव्हा पट्टा होत आला होता. एकच बेट राहिलं, नळीच्या तोंडाशी. नळी म्हणजे डोंगरातून उतरलेली अरुंद घळ. तिथून वारा भणाणत यायचा आणि वणवा सगळ्यात जवळ तिथंच होता. तिथं जायची कुणाची छाती होईना. ते बेट राहिलं असतं तर बाकीचं सगळं तोडलेलं फुकट होतं.

धाकूच्या सांडशीत शेवटचा कोयता होता, त्याचा स्वतःचा. त्यानं तो पातळ केला. इतका पातळ त्यानं लखू गेल्यापासून एकही केला नव्हता. मूठ धरली आणि तो नळीकडं निघाला. येसू मागं निघाली तर त्यानं हातानंच थांबवलं. सगळ्यांना म्हणाला, "लांब व्हा. पातं उडालं तर कुणाच्या मानेत नको."

बेटापुढं तो उभा राहिला. हात वर गेला आणि तिथंच राहिला. धुरातून दिसत होतं सगळ्यांना. त्याला वणव्याचं भय नव्हतं. त्याला लखू दिसत होता, मांडीवर पडलेला. बेटापलीकडं वणवा, हातात पातळ पातं, आणि तो हात काही खाली येईना. येसूनं डोळे मिटले, असं म्हणतात. पण सावळा बुरूड पुढं गेला. थांब म्हटलं तरी गेला. आपल्या अर्ध्या कोयत्यासकट धाकूच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला आणि त्यानं आपल्या बाजूचा पहिला कळक तोडला. जणू रोजचंच काम.

मग धाकूचा हात खाली आला. खच्.

दोघं तोडत राहिले. सावळा डावीकडून, धाकू उजवीकडून. गाठी कानाशी फुटत होत्या. शेवटचा कळक राहिला, त्याचा शेंडा वर पेटलेला. धाकूनं तो तोडला आणि घावाच्या जोरात कोयता खालच्या दगडावर आपटला. पातं तुटलं. तुकडा गुणगुणत उडाला, धाकूच्या मानेला वाऱ्यासारखा लागून गेला आणि मागं मातीत रुतला. धाकूनं मानेला हात लावला. हाताला रक्त आलं नाही. तेव्हा धाकू हसला, असं म्हणतात. वणव्यापुढं उभा राहून, मोडक्या कोयत्याकडं बघून हसला.

पण पेटता कळक पट्ट्यावर आडवा पडला होता, पूल घातल्यासारखा. आग त्याच्यावरून पलीकडं सरकायला लागली. ओढायला हत्यार नव्हतं. धाकूनं तो दोन्ही हातांनी धरला आणि वणव्याकडं मागं ओढला. सोडला नाही, पूर्ण मागं येईपर्यंत सोडला नाही.

वणवा उघड्या जमिनीपर्यंत आला. उभा राहिला. कातळापासून कातळापर्यंत त्यानं जीभ फिरवून बघितली आणि खायला काही मिळेना तशी मान खाली घातली. तिन्हीसांजेला खालच्या घरांत दिवे लागले. ते घरी राहिलेल्या बाळंतिणींनीच लावले, कारण बाकीची सगळी माणसं पट्ट्यातच बसून राहिली होती, मनगटं मांडीवर ठेवून.

धोंडा उष्णतेनं मधोमध तडकला होता. तो धाकूनं परत खाली आणू दिला नाही. अजून तिथंच आहे.

धाकू जगला. बरीच वर्षं जगला. पण त्याचे हात गेले. कातडी सुकून ताठ झाली, बोटं मिटेनात, मुठीला काही कळेना. भाता येसूनं चालवला. बाई घण मारते आणि कोयता घडवते याला सुरुवातीला कुणी नाक मुरडलं असेल, पण त्या दिवशीच्या पट्ट्यानंतर मोठ्यानं कुणी बोललं नाही. नवं लोखंड आलं की त्यातला एक कोयता येसू मोडायची. घरातच, ढोल न वाजवता. धाकू मोड उजेडात धरायला लावायचा आणि आत पीठ आहे की राख ते सांगायचा. लोखंड खोटं असेल तर ते मोडीतच कळतं, हे त्यानं कधी नाकारलं नाही. पण कोयता कामाचा आहे का, ते मोडीला विचारायचं त्यानं सोडलं.

आणि स्वतःच्या हातात धरून तर आता त्याला कळणार नव्हतं. म्हणून तो लोहारशाळेच्या दाराशी बसायचा. नवा कोयता नेलेला माणूस दिवसभर राबून परतला की धाकू त्याला थांबवायचा आणि विचारायचा, "मनगट काय म्हणतं?"

पहिल्यांदा त्यानं ते कुणाला विचारलं, ठाऊक आहे? येसूला. ती लाकडाची मोळी टाकून दारात उभी राहिली होती. तिनं मनगट एकदा फिरवून बघितलं. मग म्हणाली, "निजलंय." आणि आत गेली.

सावळ्याचा अर्धा कोयता आणि धाकूचा मोडका कोयता घोळजाईच्या पायाशी शेजारी शेजारी आहेत. चैत्रात वारा फिरला की नळीच्या अंगानं घणाचा आवाज येतो, असं म्हणतात. मी ऐकलाय. कळकांचा असेल, पण ऐकलाय.

आमच्याकडं खंडेनवमीला अजूनही कोयता दगडावर हाणत नाहीत. सकाळी प्रत्येक घर आपला कोयता दुसऱ्या घरी देतं, आणि त्या घरातल्या सगळ्यात अशक्त हातानं तो दिवसभर वापरायचा, खऱ्या कामाला. संध्याकाळी देवळापुढं कोयता परत करताना मालक विचारतो, मनगट काय म्हणतं? देवीपुढं खोटं बोलायचं नाही. निजलं म्हणाला तर कोयत्याला झेंडूचं फूल. रडलं म्हणाला तर कोयता लोहाराकडं, आणि मालकानं रागवायचं नाही.

आणि आणखी एक रीत आहे, ती देवळातली नाही. नवी सून घरात आली की चार दिवस तिला काम करू देतात, पाणी, जातं, लाकडं, सगळं. मग एका संध्याकाळी सासू तिच्याजवळ बसते, तिचा हात हातात घेते आणि तेच विचारते. सून परगावची. तिला धाकू ठाऊक नसतो, धोंडा ठाऊक नसतो. ती आधी सासूच्या तोंडाकडं बघते, मग हाताकडं. आणि मग खरं सांगते.